दीड लाखांत समुद्राखाली : एका नवख्या जोडप्याने डायव्हिंगचे ठिकाण कसे निवडले

माझी भाची आणि तिचा नवरा नाशिकला राहतात. ती बँकेत नोकरी करते आणि जावई अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम पाहतात. नोव्हेंबर २०२४ च्या सुरुवातीला भाचीचा फोन आला. फेब्रुवारीत दोघांना एकत्र नऊ दिवसांची रजा मिळत होती, वर्षभर बाजूला टाकलेले दीड लाख रुपये हाताशी होते आणि या खेपेला नुसते किनाऱ्यावर बसून परतायचे नाही, तर पाण्याखाली उतरायला रीतसर शिकायचे, असे दोघांनी ठरवले होते. "मावशी, दीड लाखांत सगळ्यात स्वस्त कुठे होईल, तेवढं सांग," असे ती म्हणाली. मी स्वतः पंचेचाळिशीनंतर डायव्हिंग शिकले आणि तेव्हापासून हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. या वेळी मात्र निवडीपासून परतीच्या हिशेबापर्यंतचे सगळे माझ्यासमोर घडले, म्हणून दोघांच्या संमतीने आणि नावे वगळून ते येथे मांडत आहे. रकमा त्या हंगामात आम्हाला मिळालेल्या दरांच्या आहेत आणि त्या दरवर्षी बदलतात, हे वाचताना ध्यानात असावे.

मालवणची वीस मिनिटे

या दोघांनी समुद्राखालचा तळ अगदीच पाहिला नव्हता असे नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ते मालवणला गेले होते आणि तिथे माणशी दीड हजार रुपये देऊन त्यांनी स्कूबा केले होते. बोट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूने खडकांपाशी नांगरली, मास्क चढवला, पाठीवरच्या टाकीतली हवा तोंडात पुरवणारा रेग्युलेटर तोंडात धरला आणि मार्गदर्शकाने एकेकाला धरून खाली नेले. भाचीला माशांचा थवा दिसला आणि ती हरखून गेली. जावयांचा मात्र दोन-तीन मीटरवरच कान ठणकू लागला. त्यांनी हाताने खूण केली, ती मार्गदर्शकाला कळली नाही किंवा घाईत राहून गेली, आणि पुढची सगळी मिनिटे त्यांनी दात-ओठ आवळून काढली. वर आल्यावर दोन दिवस कान बंद होता. "आपल्याला हे जमणारं नाही," असे त्यांच्या मनाने घेतले, ते तेव्हापासूनच.

मला याचे वाईट वाटले, कारण त्यांचे काहीच चुकले नव्हते. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते आणि बाहेरचा दाब वाढला की ती हवा आक्रसते. समुद्रसपाटीवरचा दाब एक मानला, तर १० मीटर खोलीवर तो दोन होतो आणि २० मीटरवर तीन. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्ये दाब दुप्पट होतो, पुढच्या १० मीटरमध्ये मात्र फक्त दीडपट. म्हणूनच "आम्ही फार खोल नेत नाही, पाच मीटरच आहे" हे आश्वासन कानाच्या बाबतीत फारसे कामाचे नसते. पाच मीटरवरच त्या पोकळीतली हवा दोन तृतीयांश उरलेली असते आणि नाक दाबून हलकेच फुंकर मारत ती भरून काढायला नवख्या माणसाला सवड लागते. वीस मिनिटांच्या फेरीत नेमकी तीच नसते. तिथे माणूस पर्यटक असतो, आणि मागे पुढची बोट उभी असते.

म्हणून पहिली गोष्ट मी त्यांना सांगितली ती पैशांची नव्हती. अशी पाण्याखालच्या जगाशी नुसती ओळख करून देणारी 'ओळखीची डाइव्ह' आणि 'ओपन वॉटर डायव्हर' हा कोर्स या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ओळखीच्या डाइव्हमध्ये सगळे यंत्र प्रशिक्षकाच्या हाती असते, खोली जास्तीत जास्त १२ मीटर असते आणि घरी परतताना हातात छायाचित्रे उरतात. कोर्समध्ये थोडा अभ्यास, पोहण्याच्या तलावात किंवा तशाच शांत पाण्यातला सराव आणि मग समुद्रातल्या चार डाइव्ह असतात. २०० मीटर पोहून दाखवावे लागते, १० मिनिटे तरंगावे लागते, आणि त्यानंतर मिळणाऱ्या सर्टिफिकेटवर जगात कुठेही जोडीदारासह १८ मीटरपर्यंत उतरता येते. पाडी किंवा एसएसआय, सर्टिफिकेट देणारी संस्था कोणतीही असली तरी कोर्स साधारण असाच असतो. ते सर्टिफिकेट आयुष्यभराचे असते. तेव्हा दीड लाखांत कुठली सहल स्वस्त पडेल हे न पाहता, त्या पैशांत दोघेही खरोखर शिकून कुठे परततील हे पाहायला हवे होते. जावयांचा कान बंद राहिला असता, तर जगातले सर्वांत स्वस्त ठिकाणही त्यांना महाग पडले असते.

आधी महिना, मग समुद्र

नवखे लोक बहुधा आधी छायाचित्र पाहून ठिकाण ठरवतात, मग रजा बसवतात. क्रम उलटा हवा. रजा फेब्रुवारीतली आहे, हे ठरलेले होते. तेव्हा फेब्रुवारीत कुठला समुद्र शांत आणि निवळ असतो, एवढ्यावरच अर्धी यादी गळून पडली.

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरचे तुलांबेन माझ्या फार जवळचे आहे. १९४२ साली जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जायबंदी झालेले 'लिबर्टी' हे अमेरिकी मालवाहू जहाज तिथे किनाऱ्यावर आणून टेकवले होते आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते पाण्यात सरकले. आज किनाऱ्यावरून चालत जाऊन त्यावर उतरता येते. परंतु फेब्रुवारी हा बालीचा पावसाळा, आणि विमानभाडेही हाताबाहेर जात होते. मालदीवमध्ये स्थानिक बेटांवरच्या साध्या गेस्टहाउसांमुळे आता मध्यमवर्गीय माणसालाही राहता येते, पण तिथल्या खाड्यांमधले प्रवाह जोरकस असतात आणि पहिल्या चार डाइव्हसाठी ते पाणी मी कोणाला सुचवणार नाही. लक्षद्वीपचे पाणी अप्रतिम आहे; परवाना, मर्यादित विमाने आणि राहण्याचे दर पाहता ते दीड लाखांत दोघांना बसत नव्हते.

श्रीलंकेचा विचार आम्ही बराच वेळ केला. तिथे दोन किनाऱ्यांचे दोन हंगाम आहेत : नैर्ऋत्येकडचे हिक्कडुवा आणि उनवटुना नोव्हेंबर ते एप्रिल, आणि पूर्वेकडचे त्रिंकोमाली साधारण मे ते सप्टेंबर. मुलांच्या शाळेमुळे ज्यांना मे अखेरीसच बाहेर पडता येते, त्यांनी त्रिंकोमाली जरूर ध्यानात ठेवावे, कारण त्या सुमारास आपला पश्चिम किनारा बंद व्हायच्या बेतात असतो आणि अंदमानात पाऊस सुरू झालेला असतो. फेब्रुवारीत अर्थात हिक्कडुवा-उनवटुनाच शक्य होते. परंतु तिथल्या नावाजलेल्या बऱ्याच जागा म्हणजे बुडालेली जहाजे, आणि त्यांतली कित्येक नवशिक्यांच्या मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे. शिकून झाल्यावर जावे, असे ते ठिकाण आहे.

आपल्या किनाऱ्याचे तीन पर्याय उरले. गोव्यातल्या ग्रँड बेटाकडे सहलीच्या बोटी इतक्या असतात की शिकायला लागणारी निवांतता मिळणे अवघड. कर्नाटकातले नेत्राणी बेट मुरुडेश्वरपासून समुद्रात सुमारे १९ किलोमीटरवर आहे, मुरुडेश्वरला कोकण रेल्वेचे स्थानक आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत तिथले पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर क्वचितच दिसते इतके निवळ असते. खर्च अंदमानच्या निम्म्याहून कमी. तरीही मी ते मागे ठेवले, आणि त्याचे कारण एकच : तिथे किनाऱ्यावरून पाण्यात शिरता येत नाही. तास-सव्वा तास बोटीने जायचे, लाटांवर हिंदकळणाऱ्या बोटीतून थेट खोल पाण्यात उतरायचे, आणि कान उघडला नाही तर अख्खा दिवस बोटीत बसून घालवायचा. ज्याचा कान हीच मुख्य शंका आहे त्याला हे योग्य नव्हते.

मालवण-तारकर्लीबद्दल चार वाक्ये अधिक लिहायला हवीत, कारण तिथली वीस मिनिटे वाईट गेली म्हणून ती जागा वाईट ठरत नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे आणि तिथे पूर्ण कोर्स शिकवला जातो. घरापासून बसने किंवा कुडाळपर्यंत रेल्वेने पोहोचता येते, भाषा आपली, जेवण आपले. अडचण पाण्याची आहे : नद्यांचा गाळ आणि भरती-ओहोटीचा खळबळाट यांमुळे काही दिवशी पुढचा माणूसही धूसर दिसतो, आणि गढूळ पाण्यात नवख्या माणसाची धास्ती वाढते. भाचीचा हात साठ-सत्तर हजारांपर्यंतच पोचत असता, तर मी दुसरे काही न पाहता त्यांना डिसेंबर-जानेवारीत तारकर्लीला पूर्ण कोर्ससाठी पाठवले असते. दीड लाख हाताशी होते, म्हणून पुढे जाता आले.

दोन हिशेब

शेवटी दोन नावे राहिली : थायलंडच्या आखातातले को ताओ आणि अंदमानातले हॅवलॉक, ज्याचे २०१८ पासूनचे अधिकृत नाव स्वराज द्वीप आहे.

को ताओ हे जेमतेम काही किलोमीटर लांबीचे बेट असून जगात सर्वाधिक नवे डायव्हर जिथे तयार होतात अशा जागांत त्याची गणना होते. इतकी डायव्हिंग केंद्रे एका ठिकाणी असल्यामुळे स्पर्धा मोठी आणि दर कमी. ओपन वॉटर कोर्स सुमारे ११,००० बाथ, म्हणजे तेव्हाच्या विनिमय दराने माणशी साडेसत्तावीस हजार रुपये होता. भाचीने बँकेच्या शिस्तीने एका वहीत दोन पाने आखली आणि डाव्या पानावर को ताओ मांडले : मुंबई-बँकॉक विमान दोघांचे ३६,०००, बँकॉकहून रात्रीची बस आणि पहाटेची बोट, जाऊन-येऊन १२,०००, कोर्स ५५,०००, राहणे १४,०००, जेवण १४,०००, विमा ३,०००, कानाच्या डॉक्टरांची तपासणी आणि दाखला १,५००. एकूण १,३५,५००. त्या वेळी भारतीयांना थायलंडसाठी व्हिसाही लागत नव्हता.

उजव्या पानावर हॅवलॉक. विमान मुंबईहून पोर्ट ब्लेअरला, ज्याचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले, दोघांचे ३९,०००, तिथून बेटापर्यंतची खासगी बोट जाऊन-येऊन ६,८००, सात रात्रींचे राहणे १५,६००, जेवण ११,५००, विमा २,५००, डॉक्टर १,५००. कोर्स बेटावरच पूर्ण केला असता तर माणशी तीस हजार. पण आम्ही तो दोन तुकड्यांत मांडला : अभ्यास आणि तलावातला सराव पुण्यात, माणशी १४,०००, आणि समुद्रातल्या चार डाइव्ह बेटावर, माणशी १९,०००. त्यात पुण्याच्या फेऱ्यांचे ३,००० मिळवले. एकूण १,४५,९००.

म्हणजे कागदावर को ताओ दहा हजारांहून थोडे अधिक स्वस्त होते, आणि परदेश पाहिल्याचे समाधान वर. भाचीचा कल उघडच डावीकडे होता. प्रवासाचे दिवसही जवळजवळ सारखेच लागत होते. मी उजवीकडे का वळले, हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण अनेकांना हाच निर्णय उलटा घ्यावा लागेल.

जावई हिंदी आणि मराठीत विचार करतात. इंग्रजी त्यांना समजते, पण पाण्याखाली जाण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत, छातीत धडधड होत असताना, "कान दुखला तर काय करू" हा प्रश्न माणसाला आपल्या भाषेत विचारता आला पाहिजे आणि त्याचे उत्तर आपल्या भाषेत मिळाले पाहिजे. को ताओला पाच-सहा देशांच्या विद्यार्थ्यांच्या गटात इंग्रजीतून शिकवतात. पाडीच्या नियमाने समुद्रात एका प्रशिक्षकामागे आठपर्यंत विद्यार्थी चालतात, आणि स्वस्त कोर्समध्ये ती मर्यादा बऱ्यापैकी वापरली जाते. ज्याला घाई आडवी येते, त्याने त्या गटात मागे पडायचे आणि पुन्हा "मला जमत नाही" असे मानून परतायचे, ही शक्यता मला दहा हजारांपेक्षा मोठी वाटली. त्यातच रात्रभराचा वातानुकूलित बसप्रवास करून, ॲलर्जीच्या सर्दीचा त्रास असलेल्या माणसाने सकाळी बेटावर उतरायचे. हेच जोडपे इंग्रजीत सहज बोलणारे आणि कानाची तक्रार नसलेले असते, तर मी निःशंकपणे डावे पान निवडायला सांगितले असते.

कोर्सचे दोन तुकडे केल्याने पैसे वाचतात असा एक समज आहे. इथे तसे झाले नाही. उलट माणशी तीन हजार जास्तच लागले, बेटावरचे दोन दिवस वाचल्यामुळे ते कसेबसे भरून निघाले. तरीही मी त्यावर अडून बसले. विमानाचे तिकीट काढण्याआधीच कान उघडतो की नाही, हे कळणार होते, आणि तलावातला भाग पूर्ण केल्याचा दाखला बारा महिने चालतो. काही कारणाने फेब्रुवारी हुकला असता तरी ते पैसे बुडाले नसते.

फोनवरचे प्रश्न

बेट ठरले तरी केंद्र ठरायचे होते, आणि नवख्यांच्या बाबतीत बेटापेक्षा केंद्र अधिक महत्त्वाचे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्या-मुंबईहून अंदमानला जाणारा मराठी माणूस बहुधा सेल्युलर जेलचे दर्शन हा मुख्य हेतू ठेवून सहल कंपनीबरोबर जातो आणि त्या कार्यक्रमात एका सकाळी 'स्कूबा समाविष्ट' असे लिहिलेले असते. ती पुन्हा ओळखीचीच डाइव्ह असते. कोर्ससाठी केंद्राशी स्वतः बोलावे लागते.

भाचीने तीन केंद्रांना फोन केले, मी शेजारी बसून ऐकत होते. एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी, पहिल्या दोन डाइव्ह किनाऱ्यावरून की बोटीवरून, प्रशिक्षक हिंदी बोलतात का, सर्टिफिकेटची आणि साहित्याच्या भाड्याची रक्कम दरात धरलेली आहे का, बोटीवर ऑक्सिजन असतो का आणि गरज पडली तर माणसाला कुठे नेता, आणि एखाद्याला एक डाइव्ह जमली नाही तर पुढे काय. शेवटच्या प्रश्नावरच निकाल लागला. एका ठिकाणी उत्तर आले, "कान-बिन काही होत नाही, आमचा माणूस धरून नेतो." भाचीने त्या नावावर तिथेच रेघ मारली. दुसऱ्या केंद्राचे उत्तर ठीक होते, पण तारखा जुळल्या नाहीत. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी उलट विचारले की कान पूर्वी कधी दुखला होता, किती खोलीवर, सर्दी वारंवार होते का, आणि आरोग्याची प्रश्नावली आधीच भरून पाठवायला सांगितली. त्यांच्याकडे एका प्रशिक्षकामागे चारच विद्यार्थी होते. त्यांचा दर तिघांत सर्वांत जास्त होता, दीड हजाराने.

ती प्रश्नावली दडवून भरण्याचा मोह अनेकांना होतो. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, सायनस यांपैकी कशालाही 'होय' लिहिले की डॉक्टरांची सही आणावी लागते, म्हणून लोक सगळीकडे 'नाही' लिहितात. जावयांनी खरे लिहिले. नाशिकच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासून पडदा निरोगी असल्याचा दाखला दिला आणि दोन गोष्टी बजावल्या. दुखण्याची वाट न पाहता डोके पाण्याखाली जाताच कान मोकळा करायला सुरुवात करायची. आणि नाक चोंदलेले असताना औषधाच्या जोरावर पाण्यात उतरायचे नाही, कारण औषधाचा असर खाली असताना ओसरला तर वर येतानाच कान अडकतो.

पुण्याचा तलाव

नोव्हेंबरअखेरच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी दोघे एसटीने पुण्याला आले, माझ्याकडेच राहिले. तलावातल्या सत्राला मी काठावर बसून होते.

पहिली अडचण कानाची नव्हतीच, ती मास्कची निघाली. छातीएवढ्या पाण्यात फरशीवर गुडघे टेकून बसायचे, मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचे आणि वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून, नाकाने श्वास सोडत ते पाणी बाहेर काढायचे, असा तो सराव असतो. जावयांच्या नाकाशी पाणी आले की ते तडक उभे राहत. तीनदा उभे राहिले. चौथ्या वेळी प्रशिक्षकाने मास्क बाजूलाच ठेवायला सांगितला. रेग्युलेटर तोंडात धरून, एका हाताने कडेचा पाइप पकडून, उघडा चेहरा पाण्यात घालून फक्त श्वास घ्या, मी मोजतो, असे तो म्हणाला. वीस, मग चाळीस, मग साठ. नाकापाशी पाणी असतानाही तोंडाने श्वास घेता येतो, हे शरीराला पटायला तेवढा एक मिनिट लागला. त्यानंतर मास्क पहिल्याच प्रयत्नात रिकामा झाला.

कानासाठी त्यांना खोल बाजूच्या शिडीवर नेले. एक पायरी खाली, नाक दाबून हलकी फुंकर, थांबणे. दुसरी पायरी, फुंकर, थांबणे. एका पायरीवर त्यांनी हात आडवा हलवून 'अडचण' ही खूण केली, प्रशिक्षक त्यांना एक पायरी वर घेऊन आला, त्यांनी गिळले, जबडा हलवला, पुन्हा फुंकर मारली आणि कान उघडल्याचे बोटांनी वर्तुळ करून दाखवले. तळापर्यंत पोचायला त्यांना सहा मिनिटे लागली. भाची तिथे मिनिटाभरात पोचली होती आणि शांतपणे त्यांची वाट पाहत बसली होती. वर आल्यावर जावई मला म्हणाले, "मावशी, मालवणला आम्हाला असं थांबूच दिलं नव्हतं."

तिकिटे त्यांनी दुसऱ्या सत्रानंतर, डिसेंबरच्या मध्यावर काढली. नोव्हेंबरमध्ये पाहिलेल्या भाड्यापेक्षा ती माणशी सुमारे अठराशे रुपयांनी वाढलेली होती, आणि वर दिलेल्या हिशेबात ती वाढ धरलेली आहे. कान तळापर्यंत उघडतो हे कळण्यासाठी मोजलेली ती किंमत होती आणि ती मोजल्याचा कोणालाच पस्तावा झाला नाही.

बेटावरचे पाच दिवस

वेळापत्रक आखताना मी एकच आग्रह धरला होता : चार डाइव्ह दोन दिवसांत बसत असल्या तरी बेटावर पाच रात्री ठेवायच्या. विमानात चढण्यापूर्वी शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. अनेक डाइव्ह केल्यावर निदान १८ तास विमानप्रवास करू नये, असे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचे मार्गदर्शन आहे. बोटीने मुख्य बेटावर परतण्याचा दिवस मध्ये असल्यामुळे ते आपोआप साधत होते. पण त्याहून जास्तीचे दोन दिवस मोकळे सोडले होते, ते सर्दीसाठी.

पहिल्या दिवशी दोन्ही डाइव्ह 'दोन नंबर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्यालगत, निमो रीफ या प्रवाळाच्या जागी झाल्या. तिथे वाळूवरून चालत कमरेइतक्या पाण्यात जायचे, पायांत फिन्स, म्हणजे पोहण्याचे पंख, चढवायचे आणि हळूहळू उतरत जाणाऱ्या तळाबरोबर खाली सरकायचे असते. भरतीची वेळ साधावी लागते, ओहोटीला पाणी फार मागे जाते. उतार मंद असल्यामुळे जावयांचा कान जागच्या जागी थांबत, वळत, हवा तेवढा वेळ घेत उघडला. रात्री फोनवर दोघे एकाच वेळी बोलत होते. समुद्रफुलांमधल्या केशरी माशांपेक्षा जावयांना स्वतःच्या श्वासाचा आवाज अधिक आठवत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांचे नाक चोंदले. प्रशिक्षकाने एकदा नाक दाबून फुंकायला लावले आणि बोटीत चढू दिले नाही. भाचीने तिसरी आणि चौथी डाइव्ह पूर्ण करून सर्टिफिकेट मिळवले, जावई दोन दिवस वाफ घेत खोलीत राहिले. त्यांनी सर्दीची गोळी मागवली होती, पण नाशिकच्या डॉक्टरांचे शब्द आठवून ती खाऊन पाण्यात जाण्याचा हट्ट धरला नाही. मोकळे ठेवलेले ते दोन दिवस नसते, तर त्यांचा कोर्स तिथेच अर्धवट राहिला असता. चौथ्या दिवशी दुपारी नाक मोकळे झाले आणि त्यांनी तिसरी डाइव्ह किनाऱ्यावरूनच केली. चौथी पाचव्या दिवशी सकाळी, बोटीच्या नांगराचा दोर धरून, वीतवीत खाली सरकत. त्यांच्या नोंदवहीत त्या डाइव्हपुढे लिहिले आहे : ११.४ मीटर, ३८ मिनिटे, कान ठीक.

पुन्हा बसवलेल्या डाइव्हचे २,५०० रुपये आणि आम्ही हिशेबात धरायला विसरलेले रिक्षा-स्कूटरचे ३,१०० रुपये मिळून एकूण खर्च १,५१,५०० झाला, म्हणजे हाताशी असलेल्या दीड लाखांपेक्षा दीड हजार जास्त. पैसे जिथे वाचवायचे तिथे त्यांनी वाचवले होते : खोली वातानुकूलित नव्हती, जेवण बाजारातल्या बंगाली खाणावळीत, रॉस बेटाची आणि काचेच्या तळाच्या बोटीची सहल त्यांनी घेतली नाही. प्रशिक्षक, विमा, डॉक्टर आणि जास्तीचे दोन दिवस यांतून मात्र एक रुपयाही कापला नाही.

पाण्याखाली काय दिसले, याविषयी भाचीची थोडी निराशा झाली होती, तेही नोंदवायला हवे. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानातले पुष्कळ उथळ प्रवाळ समुद्राच्या उष्णतेने पांढरे पडून मेले, आणि २०२४ मध्येही जगभरच्या प्रवाळांवर तसाच प्रसंग आला. नवशिक्यांना जिथे नेतात त्या उथळ जागांवर मेलेला भाग बराच दिसतो आणि मासे त्यातूनच फिरत असतात. छायाचित्रांतला रंगीबेरंगी तळ मनात धरून जाणाऱ्यांना हे आधी सांगितले पाहिजे; मी ते तिला पुरेसे सांगितले नव्हते.

ती वही अजून चालू आहे. येत्या डिसेंबरात चार दिवस नेत्राणीला जायचा त्यांचा बेत आहे, आता बोटीवरून उतरायची भीती राहिलेली नाही म्हणून. मध्ये बरेच महिने गेल्यामुळे त्याआधी पुण्याच्या तलावात एक उजळणीचे सत्र घ्यावे, असे मी कळवले आहे, आणि भाचीने नव्या पानावर पहिली ओळ त्याचीच लिहिली आहे. दुसरी ओळ जावयांच्या अक्षरात आहे : मुरुडेश्वरच्या केंद्राला विचारणे, एका प्रशिक्षकामागे किती.